वाचकांचे प्रश्न : कानाला मशीन लागलं, आता घरात काय करायचं?

या वेळची बहुतेक पत्रं कमी ऐकू येणाऱ्या लहान मुलांच्या घरून आली आहेत. उत्तरं ऑडिओलॉजिस्ट आणि कर्णबधिर मुलांच्या विशेष शिक्षिका यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : आमचं बाळ सात आठवड्यांचं आहे. जन्मल्यावर श्वासाचा त्रास झाला म्हणून नऊ दिवस पेटीत ठेवलं होतं. कानाची तपासणी ‘पास’ असं कार्डावर लिहिलंय. तरी बालरोगतज्ज्ञ आता ‘बेरा’ करा म्हणतात. सासूबाईंनी ताट वाजवून पाहिलं, बाळ चांगलं दचकतं. मग पुन्हा तपासणी कशाला? — एक आई, परभणी

उत्तर : करून घ्या, आणि लवकर. जी तपासणी पास झाली ती बहुधा ओएई असणार. त्यात कानात बारीक आवाज सोडतात आणि कॉक्लियातल्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागातल्या, केशपेशींकडून परत येणारा प्रतिध्वनी मोजतात. केशपेशी काम करतात एवढंच त्यातून कळतं. तिथून पुढे तो आवाज नसेतून मेंदूकडे नीट जातो का, हे ओएई सांगू शकत नाही. ते बेरा सांगते : त्यात डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून नस आणि मेंदू आवाजाला काय प्रतिसाद देतात ते मोजतात. अतिदक्षता विभागात पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेली बाळं, रक्त बदलण्याची वेळ यावी इतकी कावीळ झालेली बाळं, यांच्यात बिघाड नेमका नसेच्या टप्प्यावर असू शकतो. ओएई छान येते आणि बेराचा आलेख मात्र बिघडलेला निघतो. म्हणून अशा बाळांची ओएईवर बोळवण करायची नसते.

ताटाचं म्हणाल तर तो ठणका ९०–१०० डेसिबलच्या घरातला असतो आणि आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास. मध्यम बहिरेपण असलेलं मूलही ताटाला दचकतं. शिवाय हात हललेला दिसतो, वारा लागतो, पाळणा हादरतो. ताटावर विसंबून दोन-दोन वर्षं गेलेली मुलं आमच्याकडे अजूनही येतात.

बेरासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं. सहा महिन्यांच्या आत ते नैसर्गिक झोपेत जमतं, पुढे झोपेचं औषध द्यावं लागतं. जाताना बाळाला वाटेत झोपू देऊ नका, तपासणीच्या खोलीत पोचल्यावरच पाजा. आदल्या रात्रीपासून कपाळाला आणि कानामागे तेल-पावडर लावू नका, तिथे चिकटवायचे इलेक्ट्रोड तेलावर धरत नाहीत. दीड-दोन तास हाताशी ठेवा. रिपोर्टमध्ये नुसता ‘क्लिक’ आवाजाचा निकाल असेल तर पुढचा प्रश्न विचारा. क्लिकवरून मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झचं, म्हणजे उंच पट्टीचं कळतं. मशीन बसवायची वेळ आली तर ५०० हर्ट्झचं खालच्या पट्टीचं मोजमापही लागतं, आणि हाडामार्गे केलेली चाचणीसुद्धा, म्हणजे दोष आतल्या कानाचा की मधल्या कानात पाणी साचल्याचा हे उलगडतं.

जगभर पाळला जाणारा हिशेब असा : पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मशीन आणि थेरपी सुरू. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली विचारणा करता येते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून ती याच कामासाठी आहे.

प्रश्न : मुलगी चौदा महिन्यांची. दोन्ही कानांना कानामागची मशीन आहेत. दहा मिनिटांत ओढून फेकते. ठेवलं तर शिटी वाजत राहते, म्हणून आम्ही आवाज कमी करून ठेवतो. रोज तासभर घालतो. एवढं पुरे का? — सांगली

उत्तर : तासभर पुरत नाही. जाग आल्यापासून झोपेपर्यंत, अंघोळ सोडून सगळा वेळ. ऐकणारं मूल दिवसाचे दहा-बारा तास ऐकूनच बोलायला शिकतं, तुमच्या मुलीच्या मेंदूला एका तासात तेवढा माल मिळणार कुठून? बहुतेक डिजिटल मशीन रोजच्या वापराची नोंद ठेवतात. पुढच्या भेटीत ती कॉम्प्युटरवर बघायला मागा.

आवाज कमी करणं हा शिटीवरचा उपाय नव्हे. शिटी म्हणजे मशीनमधून निघालेला मोठा आवाज मोल्डच्या, म्हणजे कानाच्या मापाने बनवून आत बसवलेल्या तुकड्याच्या, फटीतून बाहेर येऊन पुन्हा माइकमध्ये शिरतो. आवाज कमी केला की शिटी थांबते, पण मुलीला ऐकूही येत नाही. फट कुठे आहे ते शोधा. वर्षभराच्या आत कान इतक्या झपाट्याने वाढतो की दर एक-दोन महिन्यांनी नवा मोल्ड लागतो, तुमच्या मुलीच्या वयात साधारण तीन-चार महिन्यांनी. मोल्ड कान वळवून नीट आत गेला नसेल, वरचं टोक कानाच्या घडीखाली अडकलं नसेल, तरी शिटी येते. तिसरं कारण मशीन आणि मोल्ड जोडणारी ट्यूब : काही महिन्यांत ती पिवळी, कडक होते आणि वाकते तिथे बारीक चीर जाते. मोल्डचं भोक बोटाने बंद करून मशीन चालू करा. शिटी थांबली तर मोल्ड ढिला, न थांबली तर गळती ट्यूबमध्ये, जोडावर किंवा मशीनमध्येच. कानात मळ असेल तरीही आवाज उलटतो. आणि मांडीवर दूध पिताना, उशीला कान दाबला गेल्यावर येणारी शिटी ही बिघाड नव्हे, तिच्याकडे लक्ष देऊ नका.

आता फेकण्याबद्दल. आधी दुखतंय का पाहा : मोल्ड काढल्यावर कानात लाल वळ किंवा सोललेली जागा असेल तर तो मोल्ड घासून आणल्याशिवाय घालू नका. दार आपटलं, मिक्सर लागला की ती डोळे गच्च मिटते, रडते का? तसं असेल तर मोठ्या आवाजाची मर्यादा जास्त ठेवली गेली आहे, सेटिंग बदलून मिळतं. लहान मुलाच्या कानाची नळी इवलीशी, त्यामुळे तेच मशीन मोठ्या माणसापेक्षा तिथे जास्त जोर धरतं. म्हणून मशीन बसवताना कानातल्या आवाजाचं प्रत्यक्ष मोजमाप केलं होतं का, हे विचारा. तिसरी शक्यता अशी की सेल संपलेला आहे. बंद मशीन म्हणजे कानाला बूच. ते काढून टाकणारं मूल शहाणंच म्हणायचं.

हे तिन्ही नसेल तर उरला तो वयाचा खेळ. तिने काढलं की न रागावता, न हसता, तोंडावर काही न दाखवता परत घाला. हातात खेळणं देऊन घाला. पातळ मलमलीची कुंची घालून बघा, मात्र कापड माइकवर घासणारं जाड नको. मशीनला दोरी लावून पाठीमागून फ्रॉकला क्लिप करा, म्हणजे फेकलं तरी गटारात जात नाही. आणि सेलच्या दाराला लहान मुलांचं कुलूप असलेलंच मॉडेल वापरा. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढू नका, ‘शौचावाटे पडेल’ म्हणून वाट पाहू नका, थेट एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात जा. नाकात किंवा कानात सरकवलेला सेलही तासाभरात भाजू लागतो.

प्रश्न : पावसाळ्यात मशीन सतत बंद पडतं. तांदळाच्या डब्यात ठेवतो. — चिपळूण

उत्तर : तांदळाची पूड माइकच्या जाळीत बसते, आणि तांदूळ ओल शोषतोही कमीच. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी रंग बदलणारं सिलिका जेल, वर मशीन. बाजारात निळ्याचे गुलाबी होणारे किंवा नारिंगीचे हिरवट होणारे दाणे मिळतात. रंग पालटला की ते पाकिटावर लिहिल्याप्रमाणे मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. मशीन रोज रात्री त्यात ठेवा, पण सेल काढून : जस्त-हवेचा सेल कोरड्या डब्यात सुकून लवकर उतरतो. हेअर ड्रायर, ऊन, गॅसजवळचा ओटा ही ठिकाणं नकोत.

बंद पडतं तेव्हा निम्म्या वेळा मशीन बिघडलेलंच नसतं, ट्यूबमध्ये पाण्याचा थेंब अडकलेला असतो. मोल्ड आणि ट्यूब मशीनच्या आकड्यापासून सोडवा, रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, श्वासातच ओल असते. आठवड्यातून एकदा मोल्ड कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, ब्लोअर मारा, रात्रभर वाळू द्या आणि सकाळी जोडा. जोडताना डावा-उजवा नीट बघा.

या सेलला चालायला हवा लागते. स्टिकर काढल्यावर तीन-चार मिनिटं उघडा ठेवा, मग बसवा. घाई केली तर तो पूर्ण जोर धरत नाही. स्टिकर परत लावून सेल ‘वाचत’ नाही. १३ नंबर नारिंगी स्टिकरचा, ६७५ निळ्या स्टिकरचा. एक-दोन आठवडे जातात, शक्तिशाली मशीनमध्ये कमी.

कोकणातल्या घरांसाठी एक वेगळी सूचना : तेल. डोक्याला चापून तेल लावून लगेच मशीन घातलं की माइकची जाळी महिन्याभरात बुजते. तेल रात्री लावा, सकाळी पुसून मग मशीन. कानात तेल तर कधीच नको.

प्रश्न : नात तीन वर्षांची. आई-बाप कामावर, दिवसभर माझ्याकडे. मशीन चालू आहे हे म्हातारीने कसं ओळखायचं? आणि तिच्याशी बोलायचं तरी काय? थेरपीच्या बाई ‘भरपूर बोला’ एवढंच सांगतात. — एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, थेरपीच्या तासापेक्षा तुमचा दिवस मोठा, म्हणून हे नीट लिहितो.

सकाळी आधी मशीन तुमच्या हाताने तपासा. चालू करून मुठीत झाका, शिटी आली म्हणजे जीव आहे. यापुढची पायरी स्टेटोक्लिप : डॉक्टरांच्या नळीसारखी असते, स्वस्त असते, तिने मशीनचा आवाज आपल्याला ऐकता येतो. खरखर, मधेच तुटणारा आवाज, अगदी बारीक आवाज, हे त्यातच कळतं. शिटी येऊनही आवाज फाटलेला असू शकतो.

मग नातीच्या कानात घालून सहा आवाजांची परीक्षा घ्या : म्, ऊ, आ, ई, श्, स्. हे सहाच का, तर म् आणि ऊ खालच्या पट्टीचे, श् आणि स् अगदी वरच्या, मधे आ आणि ई. सहाही ऐकू आले तर बोलण्यातलं जवळजवळ सगळं तिच्या आवाक्यात आहे. तिच्या मागे किंवा बाजूला बसा, एक मीटरवर. तोंडासमोर हात धरू नका, हातामुळे स् दबतो. पातळ सुती कापड धरा. नेहमीच्या आवाजात एकेक आवाज काढा, क्रम रोज बदला, मधे कधी दोन सेकंद तर कधी आठ सेकंद गप्प राहा, नाहीतर ती तालावर अंदाजाने टाकू लागते. ऐकू आलं की तिने डब्यात एक मणी टाकायचा, जमेल तसं मागून म्हणायचंही. काल सहा होते आणि आज स् गेला, तर ट्यूब, सेल, मोल्ड या क्रमाने बघा. तिन्ही ठीक असून दोन दिवस तसंच राहिलं तर सर्दीने कानात पाणी झालं असेल किंवा ऐकणं खरंच खाली गेलं असेल, तेव्हा तपासणीला न्या.

आता बोलणं. ‘भरपूर’ पेक्षा ‘जवळून’ महत्त्वाचं. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. स्वयंपाकघरातून हाक मारलेली तिच्यासाठी वाया जाते. टीव्ही बंद ठेवा, नुसता चालू असलेला टीव्हीसुद्धा. ओरडू नका : ओरडताना स्वर फुगतात आणि व्यंजनं बुडतात, मशीनही मोठा आवाज दाबतं. ‘पा…णी… हा…वं…का’ असे तुकडे पाडू नका, त्याने भाषेची लय जाते. साधं, पूर्ण, जरा चालीत बोला.

काय बोलायचं, तर हातातलं काम. कणीक मळताना : “पीठ घेतलं. आता पाणी घालूया. अगंबाई, जास्त झालं! हाताला चिकटलं बघ.” तिने पोळीकडे बोट केलं की लगेच देऊ नका. पाच-सहा सेकंद थांबा, तिच्याकडे बघा. ती “पो” म्हणाली तर “हो, पोळी हवी. गरम पोळी. फुंकर घाल.” चूक दाखवायची नाही, पूर्ण वाक्य परत द्यायचं. ‘हे काय? ते काय?’ ही उलटतपासणी मात्र बंद. मुलं तिला कंटाळतात आणि नुसती नावं शिकतात.

मराठीत एक खास अडचण आहे. आपले प्रत्यय शब्दाच्या शेवटी येतात आणि आपण ते पटकन, हलक्या आवाजात उरकतो. ‘आईने’, ‘आईला’, ‘आईची’ यांत ‘आई’ ठळक ऐकू येते, पुढचं विरतं. म्हणून ही मुलं ‘बाबा चप्पल’ म्हणतात, ‘बाबांची चप्पल’ नाही. दोन जवळची वाक्यं जोडीने म्हणा : “ही बाबांची चप्पल. आता बाबांना चप्पल दे.” आणि तो प्रत्यय हलकासा लांबवा.

दोन वर्षांपूर्वी मशीन लागलं असेल तर तिचं ऐकण्याचं वय दोन आहे. शेजारच्या तीन वर्षांच्या पोराशी तुलना करू नका.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा, दोन्ही कानांना अतितीव्र बहिरेपण. चार महिने मशीन वापरूनही प्रतिसाद नाही. कॉक्लिअर इम्प्लांट सुचवलंय. घरचे म्हणतात, पाच वर्षांचा होऊ दे. — जळगाव

उत्तर : थांबण्याने काहीच मिळत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने कॉक्लियात इलेक्ट्रोड बसवून नसेला थेट विजेचे संकेत देणारं यंत्र, आवाज टिपणारा प्रोसेसर कानाबाहेर असतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाचा मेंदू पहिल्या दोन-तीन वर्षांत आवाजाला सर्वांत सहज जुळतो. दिव्यांगांना साधनांसाठी मदत देणाऱ्या केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतही अशा मुलांसाठी पाच वर्षांची मर्यादा आहे आणि अर्ज, तपासण्या, प्रतीक्षायादी यांत महिने जातात. पाचव्या वर्षी अर्ज करणारे रांगेतच बाद होतात. या योजनेचं इम्प्लांटचं काम अली यावर जंग संस्थेमार्फत चालतं. उत्पन्नाची अट आहे, चालू आकडा तिथेच विचारा.

आधी एमआरआय आणि सीटी होईल : श्रवणाची नस आहे का, कॉक्लियाची रचना कशी आहे हे बघायला. न्यूमोकोकसची लस शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी पूर्ण करा, कारण इम्प्लांट असलेल्यांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो. मेंदूज्वरामुळेच बहिरेपण आलं असेल तर मात्र घाई करा. त्यात कॉक्लियामध्ये हाड भरत जातं आणि काही आठवड्यांतच इलेक्ट्रोड आत घालणं अवघड होऊ शकतं.

शस्त्रक्रियेचं लोकांना भारी कौतुक. खरं काम तीन-चार आठवड्यांनी बाहेरचा प्रोसेसर चालू करतात तेव्हा सुरू होतं. त्या दिवशी मूल ‘आई’ म्हणत नाही. बहुधा दचकतं, रडतं, नाहीतर काहीच करत नाही. मग सुरुवातीला वरचेवर मॅपिंग, म्हणजे प्रोसेसरचं सेटिंग मुलाला जुळवणं, आणि निदान दोन वर्षं नेमाने थेरपी. जळगावात थेरपी कुठे मिळेल याची सोय आधी लावा, कंपनी नंतर ठरवा. कंपनीला विचारायचं ते हे : वॉरंटी किती वर्षं, त्यानंतर कॉईल, केबल, चार्जेबल बॅटरी यांची किंमत काय, प्रोसेसर बंद पडला तर तात्पुरता मिळतो का. हा खर्च जन्मभराचा आहे. एकाच कानाला इम्प्लांट झालं आणि दुसऱ्या कानात थोडंफार ऐकू येत असेल तर तिथलं मशीन चालू ठेवा.

प्रश्न : खुणांची भाषा शिकवली तर मुलगा बोलणार नाही, असं सांगतात. खरं का?

उत्तर : नाही. खुणांमुळे बोलणं अडत नाही. भाषाच न मिळाल्याने मूल अडतं. चौथ्या वर्षी ज्याला ना बोललेली वाक्यं समजतात ना खुणेची, त्याचं नुकसान नंतर भरून काढणं फार कठीण. मशीनने चांगलं ऐकणाऱ्या मुलाला खुणांची गरज कमी पडेल. उशिरा निदान झालेल्या किंवा नसच नसलेल्या मुलाला भारतीय सांकेतिक भाषा पहिल्या दिवसापासून हवी, आणि मग ती घरातल्या सगळ्यांनी शिकायला हवी, एकट्या आईने नव्हे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने १०,००० शब्दांचा व्हिडिओकोश केला आहे. सुरुवात तिथून करा.

प्रश्न : मुलगी तिसरीत, मराठी शाळेत. पहिल्या बाकावर बसवूनही मागे पडते. श्रुतलेखनात तर रोज रडते. — सातारा

उत्तर : पहिल्या बाकावरून बाई दिसतात, वर्ग दिसत नाही. मागून कोणी उत्तर दिलं ते तिला कळतच नाही. दुसऱ्या रांगेत, कडेला, चांगला कान वर्गाकडे आणि खिडकी तिच्या पाठीमागे, म्हणजे उजेड बाईंच्या तोंडावर पडेल. फळ्याकडे तोंड करून शिकवू नका एवढी एक विनंती बाईंना लेखी द्या. बाकांच्या पायांना रबरी बूट लावा. पंखे, बाहेरचा रस्ता, पत्र्याचं छत यांच्यात मशीन एकटं पुरत नाही, कारण ते गोंगाटही वाढवतं. बाईंच्या गळ्यात माइक आणि तिच्या मशीनला रिसीव्हर अशी सोय असते. ती झेपत असेल तर महागड्या मशीनपेक्षा वर्गात तिचा उपयोग जास्त.

श्रुतलेखनात ती ओठ वाचते. पाप, बाप, माप हे तिन्ही ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात. शब्द सुटा न देता वाक्यात द्यायला सांगा.

दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या पुढे दोष असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या तिन्हींचा उल्लेख आहे. भाषेची सूट मात्र घाईने घेऊ नका, ज्या अभ्यासक्रमाला पुढे जायचं तिथे इंग्रजी लागेल का हे आधी बघा.

प्रश्न : पहिला मुलगा जन्मतः बहिरा. आमचं लग्न मामाच्या घरातलं. दुसऱ्याचा विचार करावा का? — लातूर

उत्तर : तो निर्णय तुमचा, माहिती आमच्याकडून. जन्मजात बहिरेपणाचं आनुवंशिक कारण बहुतेक वेळा असं असतं की आई आणि वडील दोघंही नीट ऐकतात, पण एकेक सदोष जनुक बाळगतात. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. तसं असेल तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता, पहिलं मूल बहिरं म्हणून दुसरं सुटेल असं नाही. थोरल्याच्या रक्ताची जनुकीय तपासणी आधी करा, सुरुवात सहसा जीजेबी-२ या जनुकापासून होते. कारण सापडलं तरच पुढच्या वेळचं काही नेमकं सांगता येतं. त्याच खेपेला थोरल्याचा ईसीजी आणि डोळ्यांची तपासणीही उरकून घ्या. बहिरेपणाच्या काही प्रकारांत हृदयाच्या ठोक्यांचा दोष किंवा पुढे रातांधळेपणा सोबत येतो, आणि ईसीजी तर पाच मिनिटांचं काम.

प्रश्न : मुलाला एकाच कानाने ऐकू येत नाही. दुसरा उत्तम. काही करायची गरज आहे का? — पणजी

उत्तर : आहे. त्याला आवाज कुठून आला हे कळत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना हॉर्नवर न विसंबता दोन्हीकडे बघायची सवय लावा. वर्गात चांगला कान बाईंकडे. बिघडलेल्या कानात किती ऐकू येतं त्यावर तिथे मशीन चालेल का ते ठरतं. चांगल्या कानाची तपासणी दर सहा महिन्यांनी, आणि तो दुखला किंवा वाहू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर.